कोरियन गाण्यांचे व्हिडिओ आणि पवनेकाठचा धंदा: तीन सेकंदांत ओळख पटवायचे सात धडे



पवनानगरातून धरणाच्या कडेकडेने गाडी काढली की थोड्या थोड्या अंतरावर कॅम्पिंगची पाटी दिसते. आता मोबाईल काढा आणि पवना कॅम्पिंगच्या दहा रील बघा. तंबूंची रांग, मधोमध शेकोटी, लाईटच्या माळा, जाळीवर भाजणारं चिकन, सकाळी पाण्यावरचं धुकं. दृश्य सुंदर आहे, वाद नाही. पण पाटीवरचं नाव बोटाने झाका आणि कुठली रील कुणाची ते सांगा. येतंय सांगता?

तुम्हाला येत नाही, तर पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला कसं येणार? आणि ज्याला फरक दिसत नाही, तो फोन करून एकच प्रश्न विचारतो: "लास्ट किती?" धंद्यातली भाव पाडायची शर्यत इथूनच सुरू होते. तुमची सेवा वाईट असते असं नाही. ती वेगळी दिसत नाही, एवढंच.

हिशोब करून बघू. समजा, तुमचा दर माणशी १,२०० रुपये आहे आणि त्यातले ३०० एजंटला जातात. शनिवार-रविवारी मिळून ३० माणसं आली, तर ९,००० रुपये एजंटच्या खिशात. हंगामाचे १६ वीकेंड धरा, १ लाख ४४ हजार झाले. यातली फक्त दहा माणसं तुमचं नाव ओळखून थेट तुमच्याकडे आली, तर हंगामाला ४८,००० रुपये वाचतात. 'ओळखू येणं' या गोष्टीची ही रोकडी किंमत आहे.

हे ओळखू येणं शिकायचं कुणाकडून? माझं उत्तर ऐकून काही जण हसतील. घरातली कॉलेजची मुलं ज्या कोरियन गाण्यांवर नाचतात ना, त्या के-पॉपच्या व्हिडिओंकडून!

के-पॉपच का?

कारण त्यांची अडचण अगदी तुमच्यासारखीच आहे. कोरियात गाणाऱ्या-नाचणाऱ्या पोरापोरींचे गट भरपूर. सगळे तरुण, सगळे देखणे, सगळे तालमीत तयार झालेले. नवीन गाणी सतत येतात. गाण्याची भाषा जगातल्या बहुतेक प्रेक्षकांना कळत नाही. अशा गर्दीत मोबाईलवर बोट फिरवणारा माणूस थांबायला हवा आणि 'हे अमक्यांचं' असं त्याला कळायला हवं. त्यांचं सगळं दृश्यशास्त्र या एका प्रश्नाभोवती उभं आहे.

आणि कोरिया आता आपल्याला लांबही राहिलेला नाही. आपल्याच मावळ तालुक्यातला तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार २०२३ मध्ये ह्युंदाईने केला. कारखाना आला की माणसं येतात, माणसं आली की खाणं, राहणं, फिरणं आलं. उद्या तुमच्या तंबूत कोरियन पाहुणा उतरला तर नवल वाटायला नको.

त्यांचा एक शब्द आधी समजून घ्या: 'कन्सेप्ट'. गाणं चित्रित करायच्या आधी रंग कोणते, कपडे कसले, जागा कुठली, भाव कोणता हे ठरतं. मग पोस्टर, टीझर, व्हिडिओ, अल्बमचं कव्हर, सगळं त्याच धाग्यात ओवलं जातं. आपण काय करतो? आधी शूटिंग, मग "एडिटिंगमध्ये बघू". फरक बजेटचा आहेच, पण त्याहून मोठा फरक या क्रमाचा आहे. ठरवायला पैसे लागत नाहीत.

आता एकेक व्हिडिओ घेऊ. काय दिसतं, का चालतं आणि पवनेकाठी त्याचं काय करायचं, असं तिन्ही बघू.

१. एक जागा, एक शॉट: एक्सोचं 'ग्राउल' (२०१३)

गोदामासारखी एक जागा. शाळेच्या गणवेशाच्या धर्तीचे कपडे, डोक्यावर टोप्या. भपकेबाज सेट नाही, गोष्ट नाही. कॅमेरा त्या मुलांमधून फिरत राहतो आणि एका सलग शॉटमध्ये गाणं पुढे सरकतं. कट नसल्यामुळे प्रेक्षकाला वाटतं, मी तिथेच उभा आहे. शिवाय चूक लपवायला जागा नसते, त्यामुळे मेहनत खरी वाटते.

तुमच्यासाठी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासाचा व्हिडिओ आहे. पार्किंगपासून चालायला सुरुवात करा. स्वागताचा चहा, तंबू, आतली गादी, उशी, मग बाथरूम (हो, बाथरूम!), जेवणाची जागा आणि शेवटी पाणी. एकही कट न करता ६० सेकंद. कुटुंब घेऊन येणाऱ्या माणसाच्या मनात पहिली शंका बाथरूमची असते आणि बहुतेक रीलमध्ये तेच दिसत नाही. जो दाखवतो, त्याच्यावर विश्वास बसतो.

फोनची लेन्स आधी सुती कपड्याने पुसा. चालताना गुडघे थोडे वाकवून, संथ चाला. पाच वेळा रिकामी तालीम करा, सहाव्या वेळी शूट करा.

२. रंग ठरवा आणि सोडू नका: बीटीएसचं 'डायनामाइट' (२०२०)

हे गाणं आलं ऑगस्ट २०२० मध्ये. जग कोरोनाने घरात कोंडलेलं होतं. पहिल्या २४ तासांत यूट्यूबवर ते १० कोटींहून जास्त वेळा बघितलं गेलं. व्हिडिओत काय आहे? डोनटचं दुकान, गाण्यांच्या तबकड्यांचं दुकान, बास्केटबॉलचं मैदान, डिस्को. जागा वेगवेगळ्या, पण फिके गुलाबी, आकाशी, पिवळे असे गोड रंग सगळीकडे सारखे. कपडे सत्तरच्या दशकातल्या डिस्कोची आठवण करून देणारे. शेवटी मोकळ्या आभाळाखाली रंगीत धूर उडतो. लोक वैतागलेले असताना डोळ्यांना आनंद द्यायचा, हे आधी ठरलं आणि रंग त्यातून आले.

आपल्याकडचं उदाहरण हवंय? संजू राठोडचं 'गुलाबी साडी' आठवा. २०२४ मध्ये ते मराठीच्या बाहेरही गाजलं. गाण्याच्या नावातच रंग आहे, वस्तू आहे आणि कपाटात गुलाबी साडी असलेल्या प्रत्येकीला रील करायचं आमंत्रण आहे. वेगळी जाहिरात करायची गरजच उरत नाही.

तुम्ही काय कराल? तंबू बदलायला जाऊ नका, खर्चात पडाल. दोन रंग निवडा. चादरी, उशांचे अभ्रे, चहाचे कप, कामाच्या पोरांचे टी-शर्ट, पाटी, बिल, सगळीकडे तेच दोन रंग. रंग कुठून घ्यायचे? आजूबाजूला बघा. भाताची कोवळी हिरवी रोपं, भिजलेला काळा कातळ, पिकल्या भाताचं सोनं, घोंगडीचा काळा. गुलाबाचं पॉलिहाऊस असेल तर लाल तुमचाच आहे. मावळातली गुलाबं व्हॅलेंटाईन डेसाठी परदेशात जातात, पण तोच रंग आपल्या पॅकिंगवर वापरायचं कितीजणांना सुचतं?

फोनवर शूट करताना स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, म्हणजे प्रकाश मध्येच कमी-जास्त होणार नाही. आणि प्रत्येक क्लिपला वेगळा फिल्टर लावू नका. तुमचा रंग हीच तुमची सही आहे, ती दर आठवड्याला बदलत नसतात.

३. आजीच्या पेटीतला कपडा, आजच्या मापाचा: ब्लॅकपिंकचं 'हाउ यू लाइक दॅट' (२०२०)

भव्य सेट, झगमगाट, झपाझप बदलणारी दृश्यं. पण चर्चा झाली ती चौघी मुलींनी घातलेल्या कपड्यांची. हानबोक हा कोरियाचा पारंपरिक पोशाख. तो कापून, आखूड करून, आजच्या पोरींना नाचता येईल असा केलेला होता. त्यातले काही कपडे 'दानहा' नावाच्या एका छोट्या कोरियन ब्रँडचे होते. व्हिडिओ आल्यावर त्या ब्रँडकडे परदेशातून विचारणा आणि ऑर्डर वाढल्या. छोट्या उद्योजकासाठी या व्हिडिओतली सर्वांत मोठी बातमी हीच आहे.

इथे शिकायचं काय? परंपरा काचेच्या कपाटात ठेवली की तिचं प्रदर्शन होतं. ती वापरात आणली की तिला गिऱ्हाईक मिळतं. पाहुणे आले म्हणून आजीला फोटोसाठी नटवून बसवणं म्हणजे नाटक. पण पावसाळ्यात कॅम्पवर पाहुण्यांना वापरायला खरं इरलं ठेवलं तर? थंडीत ब्लँकेटऐवजी घोंगडी दिली तर? पाहुणा ती पांघरून फोटो काढणारच. आणि ती घोंगडी विकत हवी असेल तर किंमत लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवा. विणणाऱ्यालाही दोन पैसे मिळतील आणि तुमच्या फोटोत जे दिसेल ते शेजारच्या कॅम्पच्या फोटोत नसेल.

४. एक खूण, जी कुणालाही करता येईल: साय यांचं 'गंगनम स्टाइल' (२०१२)

हे तर आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीतही वाजलं. जुलै २०१२ मध्ये आलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यूट्यूबवर १०० कोटी व्ह्यूज गाठणारा पहिला व्हिडिओ ठरलं. गंगनम हा सोल शहरातला श्रीमंत भाग. व्हिडिओ त्याची टर उडवतो. सुरुवातीला साय ऐटीत समुद्रकिनारी पहुडलेले वाटतात, कॅमेरा मागे येतो तर ते मुलांच्या खेळाच्या मैदानातल्या वाळूत असतात. तबेला, सॉना, पर्यटकांची बस, सगळीकडे ऐट तीच आणि जागा साधी.

पण जगाने उचलली ती घोड्यावर बसल्यासारखी उडी. कोरियन नृत्यदिग्दर्शनात अशा हालचालीला 'पॉइंट' म्हणतात. गाण्यातली एकच हालचाल, जी पाहिल्याबरोबर लक्षात राहते आणि आठ वर्षांच्या पोरापासून आजोबांपर्यंत कुणालाही जमते.

तुमच्या धंद्याचा पॉइंट कोणता? चिक्कीवाले असाल तर गरम पाकाचा गोळा लाटून त्यावर सुरी ओढतानाचा तो कर्रकन आवाज. इंद्रायणी तांदूळ विकत असाल तर शिजत्या भाताचं झाकण उघडल्यावर वर येणारी वाफ. कॅम्प असेल तर प्रत्येक पाहुण्याचं स्वागत एकाच पद्धतीने करा. मातीच्या भांड्यातलं कोकम सरबत चालेल, किंवा निघताना हातावर ठेवलेला गुळाचा खडा. काही का असेना, प्रत्येक व्हिडिओत तेच आणि तसंच दिसलं पाहिजे. दहाव्या व्हिडिओला लोक म्हणतील, "अरे, ते गुळाच्या खड्यावाले!"

५. कच्चा व्हिडिओही गाजतो: न्यूजीन्सचं 'डिट्टो' (२०२२)

"सर, आमच्याकडे भारी कॅमेरा नाही." हे वाक्य मी प्रत्येक वर्गात ऐकतो. त्यांनी हा व्हिडिओ बघावा. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे दोन भाग आले. शाळेतली एक मुलगी हातातल्या जुन्या हँडीकॅमने मैत्रिणींचं चित्रण करतेय, अशी कल्पना. चित्र हलतं, रंग उडालेले, कडा धूसर. कुणाच्या तरी घरातली जुनी कॅसेट सापडावी तसं वाटतं. आणि म्हणूनच बघणाऱ्याला स्वतःची शाळा आठवते.

बीटीएसचं 'लाइफ गोज ऑन' (२०२०) असंच. गटातल्याच जंगकुकने ते दिग्दर्शित केलं. घर, पायजमे, सोफा आणि बाहेर जाता न येण्याची हुरहूर. ज्यांना हवं ते बजेट मिळू शकतं, त्यांनी मुद्दाम साधं निवडलं, कारण सांगायची गोष्ट साधी होती.

आणखी एक प्रकार आहे: 'डान्स प्रॅक्टिस' व्हिडिओ. रिकामी खोली, आरसा, स्थिर कॅमेरा, पूर्ण शरीर दिसेल अशी चौकट आणि कसून केलेला नाच. बस्स. चाहते हे व्हिडिओ आवडीने बघतात, कारण त्यात कारागिरी उघडी दिसते. तुमची डान्स प्रॅक्टिस म्हणजे तुमचं काम. फोन स्टँडवर लावा, जेवण बनवणाऱ्या ताईंची चूल, हात आणि भाकरी थापतानाची लय एका चौकटीत धरा आणि अख्खी भाकरी होईपर्यंत हात लावू नका. त्यांची परवानगी आधी घ्या आणि नाव सांगायची त्यांची तयारी असेल तर नाव लिहा. 'आमचे शेफ' असं मोघम नको.

६. गावच हिरो: 'फील द रिदम ऑफ कोरिया' (२०२०-२१)

पवनानगरच्या माणसाने बाकी काही नाही बघितलं तरी चालेल, ही मालिका जरूर बघावी. कोरियाच्या पर्यटन संस्थेने २०२० मध्ये आपल्या शहरांचे व्हिडिओ काढले. पहिले होते सोल, बुसान आणि जोंजू. चकाचक स्टार घेतले नाहीत. 'लीनालची' नावाचा बँड घेतला, जो 'पान्सोरी' ही जुनी कथागायनाची परंपरा आजच्या ठेक्यावर गातो. मूळ पान्सोरीत एक गाणारा, एक ढोल वाजवणारा आणि लांबलचक कथा असते. आपल्या कीर्तनाशी नातं सांगावं असा प्रकार. सोबत 'अँबिग्युअस डान्स कंपनी'चे नर्तक. कपड्यांचा विचित्र मेळ, डोळ्यांवर गॉगल, आणि हे लोक खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या वास्तूंसमोर गंभीर चेहऱ्याने नाचतात. निवेदन नाही, 'आमच्याकडे अवश्य या' नाही. बघणारा हसतो आणि मग विचारतो, "ही जागा कुठली?"

पुढच्या वर्षी त्यांनी कमाल केली. सोसान इथल्या समुद्राच्या चिखलपट्टीत शिंपले वेचायला जाणारे गावकरी घेतले. त्यांची वाहनं म्हणजे शेतातले टिलर, मागे ट्रॉली जोडलेले. आजीआजोबा त्यावर बसून चिखल उडवत निघालेत आणि चित्रण मात्र हॉलिवूडच्या 'मॅड मॅक्स' सिनेमाच्या थाटात! व्हिडिओचं नाव 'मड मॅक्स'. कुणाला नटवलं नाही, कुणाची थट्टाही केली नाही. रोजचं काम, फक्त बघायची नजर वेगळी.

आता सांगा, जुलै महिन्यात मावळात काय चालू असतं? चिखलणी! पॉवर टिलर चिखलात फिरतोय, मागे बगळे उतरलेत, बांधावर लावणीची माणसं, वर तिकोना ढगात. हे दृश्य आपण 'गावठी' म्हणून चौकटीबाहेर ठेवतो आणि लाईटच्या माळा दाखवतो. लाईटच्या माळा पुण्यातल्या कॅफेतही आहेत. चिखलणी त्यांच्याकडे नाही. तसंच मेच्या अखेरीचे काजवे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली भातकापणी, कामशेतहून येताना लागणारी बेडसे लेणी. वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवा, तुम्हाला महिन्यागणिक विषय मिळेल.

७. फोटोची एक जागा: जुमुनजिनचा बसथांबा (२०१७)

बीटीएसच्या 'यू नेव्हर वॉक अलोन' या अल्बमच्या फोटोसाठी गांगनंग शहराजवळ, जुमुनजिन भागातल्या किनाऱ्यावर एक बसथांबा उभा केला गेला. खरा नव्हता, सेट होता. काम झालं, काढून टाकला. पण चाहते ती जागा शोधत येऊ लागले, तेव्हा तिथल्या प्रशासनाने तो थांबा पुन्हा बांधला. समुद्र तर आधीपासून होताच! लोकांना हवी होती त्या समुद्राची एक चौकट, जिच्यात स्वतः बसता येईल.

तुमच्या जागेत अशी एक चौकट करा. जुन्या वाशांचं बाकडं, मागे पाणी आणि तुंग किंवा तिकोना. ऊन सकाळी कुठून येतं, संध्याकाळी कुठून, ते आठवडाभर बघा आणि मगच बाकडं रोवा. नाव मोठ्या अक्षरात रंगवू नका. छोटं, बाकड्याच्या पाठीवर, फोटोत येईल इतकंच. 'आय लव्ह पवना' असं लाल बदामाचं कटआऊट मात्र कृपा करून नको, ते सगळीकडे आहे.

आता उणं काय, तेही बघू

परीक्षण करायचं तर सगळंच गोड म्हणून चालणार नाही. के-पॉपच्या बऱ्याच व्हिडिओंत दर सेकंदाला कट पडतो, डोळे शिणतात. चेहरे इतके घासूनपुसून गुळगुळीत केलेले असतात की माणूस बाहुलीसारखा दिसतो. त्यामागे कोवळ्या वयापासूनची कठोर तालीम आणि दिसण्याचा प्रचंड ताण असतो. यातलं काहीही आपल्याला उचलायचं नाही.

आणि एक मूलभूत फरक लक्षात ठेवा. त्यांच्या व्हिडिओतलं जग खोटं असलं तरी चालतं, कारण ते गाणं विकतात. तुम्ही मुक्काम विकता. रीलमधलं निळंशार पाणी बघून आलेल्या माणसाला उन्हाळ्यात ओसरलेलं धरण आणि तडकलेला गाळ दिसला, तर तो रागावतो आणि एक स्टार देऊन जातो. म्हणून व्हिडिओवर महिना लिहा. 'हे दृश्य सप्टेंबरचं आहे' या एका ओळीने कितीतरी भांडणं वाचतात.

याहून गंभीर गोष्ट पाण्याची. पवना धरणात बुडून पर्यटकांचे जीव गेले आहेत. पोरं रात्री पाण्यात उतरतायत, लाईफ जॅकेटशिवाय होडीत उभी राहून नाचतायत, असं दृश्य तुमच्या रीलमध्ये गेलं तर ते आमंत्रणच ठरतं. येणारा म्हणेल, "तुमच्याच व्हिडिओत होतं की!" व्ह्यूज कितीही मिळोत, तो शॉट काढून टाका. उलट लाईफ जॅकेटलाच तुमच्या दोन रंगांत बसवा आणि ते घालतानाचा शॉट पॉइंट म्हणून वापरा. आईवडील तो शॉट बघूनच मुलांना पाठवतील.

नियमांची चार वाक्यं, नंतर पस्तावा नको म्हणून

गाणं: आवडलं म्हणून बीटीएसचं गाणं धंद्याच्या रीलला लावू नका. ती मालकीची वस्तू आहे. इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्याला बरीचशी लोकप्रिय गाणी म्हणूनच मिळत नाहीत. व्यावसायिक वापराला मोकळं असलेलं संगीत घ्या, किंवा गावातल्या ढोल-लेझीम पथकाला मानधन देऊन दोन मिनिटांचा ठेका रेकॉर्ड करून घ्या. लीनालचीचा धडा तोच आहे!

चेहरे: कोरियन कलाकारांचे फोटो आपल्या पाटीवर, मेन्यूवर छापू नका.

ड्रोन: ड्रोन नियम २०२१ प्रमाणे आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल भाग केले आहेत. लोणावळ्यात नौदलाची 'आयएनएस शिवाजी' आहे, इथे धरण आहे. उडवायच्या आधी सरकारी नकाशात आपला भाग कोणता ते बघा आणि लागेल ती परवानगी घ्या.

किल्ले: लोहगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून. लोहगडासारख्या संरक्षित स्मारकावर व्यावसायिक चित्रीकरण करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तुमच्या जागेतून लांबवर दिसणारा गड मात्र तुमच्या चौकटीत खुशाल येऊ द्या. तो लांबूनच जास्त रुबाबदार दिसतो.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कोरा कागद घ्या. मोबाईल बाजूला ठेवा. सात ओळी लिहा:

माझे दोन रंग:
माझी एक खूण, म्हणजे पॉइंट:
माझ्या जागेतली एक चौकट:
इथलंच, रोजच्या वापरातलं एक वस्त्र किंवा वस्तू:
या महिन्यात शिवारात दिसणारं एक काम:
ग्राहकाची एक शंका, जी मी न लपवता दाखवणार:
जे मी कधीही दाखवणार नाही:

सातवी ओळ रिकामी सोडू नका. धंद्याची अब्रू तिथे असते.

कागद भरला की तो कामाच्या जागी भिंतीवर लावा. पुढचा एक महिना आठवड्याला दोनच व्हिडिओ करा, एकूण आठ. प्रत्येक व्हिडिओ टाकायच्या आधी कागदाशी ताडून बघा. रंग चुकला? थांबवा. खूण नाही? पुन्हा काढा. शेवटचे तीन सेकंद राखून ठेवा, त्यात कॅमेऱ्याकडे बघणारा एक खरा चेहरा हवा. कोरियन टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात गाणं संपताना कॅमेरा एकाच कलाकाराच्या चेहऱ्यावर स्थिरावतो, धापा टाकत असलेल्या, घामेजलेल्या. चाहते त्या क्षणाची वाट बघतात. तुमचा शेवट तुमच्या चुलीपाशी बसलेल्या माणसाच्या हसण्यावर होऊ दे.

महिन्याअखेर व्ह्यूज मोजू नका. वहीत दोन आकडे लिहा: किती फोन थेट आले, एजंटशिवाय, आणि त्यातल्या किती जणांनी "लास्ट किती?" ऐवजी तुमच्या खुणेचं नाव घेतलं. दुसरा आकडा शून्यावरून दोनवर गेला तरी तुम्ही त्या दहा सारख्या दिसणाऱ्या रीलमधून बाहेर पडायला लागलात असं समजा.

चला, कागद घ्या. भेटू पुढच्या व्हिडिओत!